बर्निनाचा घाट : नावाजलेली गाडी की रोजची गाडी?

वाचकांचे प्रश्न : परदेश प्रवास

प्रश्न : आमची मुलगी मिलानमध्ये शिकत असून मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दोघे आणि माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आठवडाभर तिच्याकडे जात आहोत. शहरे पाहून झाल्यावर एक दिवस आल्प्स पर्वत पाहावा, अशी सर्वांची इच्छा आहे. बर्निना एक्सप्रेसच्या लाल गाडीबद्दल आम्ही बरेच वाचले आहे. परंतु मिलानहून निघणाऱ्या एका सहलीचे दर चौघांसाठी आमच्या आवाक्याबाहेरचे वाटले. मुलीची मैत्रीण म्हणते की त्याच रुळांवरून साधी गाडीही धावते आणि तिला आरक्षण लागत नाही. मग या दोन्हींत नेमका फरक कोणता? एका दिवसात जाऊन परत येता येईल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आम्ही शाकाहारी आहोत. व्हिसा इटलीच्या वकिलातीने दिलेला, एकाच प्रवेशाचा आहे. उंच दगडी पुलावरून कड्यातल्या बोगद्यात शिरणारी गाडी छायाचित्रात पाहिली, तेव्हापासून तो पूल डोळ्यांसमोरून हलत नाही, हेही सांगून ठेवते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करणे बरे, कारण बहुतेकांचा हिरमोड तिथेच होतो. आपण वर्णन केलेला पूल म्हणजे लांडवासर नदीवरील ६५ मीटर उंचीचा, सहा कमानींचा वक्र पूल होय. तो १९०२ साली पूर्ण झाला आणि त्याच्या टोकाशी गाडी खरोखरच थेट कड्यात शिरते. मात्र हा पूल बर्निना मार्गावर नाही. तो सेंट मॉरिट्झ या स्विस गावाच्या पलीकडे, कूर शहराच्या दिशेने जाणाऱ्या अल्बुला मार्गावर, फिलिझूर गावाजवळ आहे. इटलीतील तिरानोहून निघून सेंट मॉरिट्झपर्यंत गेलेल्या प्रवाशाला तो दिसत नाही. बर्निना एक्सप्रेस ही गाडी कूर ते तिरानो असे दोन्ही मार्ग जोडून धावत असल्यामुळे जाहिरातीत तो पूल तिच्याच नावावर दाखवला जातो आणि मिलानहून एका दिवसासाठी निघालेला माणूस खिडकीला नाक लावून त्याची वाट पाहत बसतो. आपल्या एका दिवसात तो बसणार नाही, हे आधीच मान्य करावे. आपल्या वाटेवर दुसरा एक पूल आहे आणि तोही कमी नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

आता दोन गाड्यांविषयी. रूळ एकच आहेत, घाट एकच आहे आणि दोन्ही गाड्या रेटियन रेल्वे या एकाच स्विस कंपनीच्या आहेत. तिरानो ते सेंट मॉरिट्झ हे सुमारे ६१ किलोमीटरचे अंतर साधी गाडी सव्वादोन ते अडीच तासांत कापते आणि एक्सप्रेसही जवळपास तेवढाच वेळ घेते, कारण या चढणीवर कोणालाच घाई करता येत नाही. एक्सप्रेसमध्ये जास्तीचे पैसे मोजून जे मिळते ते म्हणजे छतापर्यंत वळत गेलेली मोठी काच, ठरलेली जागा आणि ध्वनिमुद्रित माहिती. त्यासाठी मूळ तिकिटाखेरीज आरक्षणाचे वेगळे शुल्क सक्तीचे असते. ते ऋतूप्रमाणे बदलते आणि उन्हाळ्यात तर ते मूळ भाड्याशी स्पर्धा करू लागले आहे. ती मोठी काच उघडत नाही. डेक्कन एक्सप्रेसच्या व्हिस्टाडोम डब्यातून खंडाळ्याचा घाट उतरलेल्यांना याचा अनुभव असेल : डोळ्यांना मोठा आनंद होतो, पण छायाचित्रात दरीबरोबर समोरच्या प्रवाशाचा शर्टही उमटतो. साध्या गाडीच्या अनेक जुन्या डब्यांत मात्र वरची काच खाली ओढून उघडता येते. सगळ्याच डब्यांत अशी सोय नसते, म्हणून फलाटावर गाडी लागली की आधी खिडक्या पाहाव्यात आणि मग डबा निवडावा.

साध्या गाडीचा खरा फायदा मात्र काचेचा नाही, तर उतरण्याच्या मोकळिकीचा आहे. साधारण दर तासाला एक गाडी असते, आरक्षण नसते आणि तिकीट ठरावीक गाडीशी बांधलेले नसते. आवडलेल्या ठिकाणी उतरावे, तासभर रेंगाळावे आणि पुढच्या गाडीने निघावे. काही लहान थांब्यांवर गाडी मागणीनुसारच थांबते. त्यासाठी डब्यातील बटण आधीच दाबावे लागते, नाहीतर आपले ठिकाण आपल्या देखत मागे जाते. एक्सप्रेसच्या प्रवाशाला ही मुभा नाही. त्यामुळे आपल्यासारख्या, मिलानहून निघणाऱ्या आणि हिशेब सांभाळणाऱ्या कुटुंबाने साध्या गाडीनेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही तडजोड आहे असेही मी म्हणणार नाही, कारण पैशांचा प्रश्न नसता तरी माझा सल्ला हाच असता.

वेळेचे गणित मात्र नीट मांडले पाहिजे. मिलानच्या मुख्य स्थानकावरून तिरानोला जाणारी त्रेनोर्द कंपनीची प्रादेशिक गाडी सुमारे अडीच तास घेते. त्यापुढे सेंट मॉरिट्झपर्यंत आणखी सव्वादोन ते अडीच तास. म्हणजे एका बाजूला पाच तास आणि दोन्ही मिळून दहा. मधला थांबण्याचा वेळ वेगळाच. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला इतका वेळ बसवून, पलीकडे पोहोचल्यावर श्रीमंतांच्या दुकानांच्या काचा दाखवून लगेच परत आणण्यात अर्थ नाही. सेंट मॉरिट्झ हे गाव या प्रवासाचे फळ नव्हे. फळ मधल्या घाटात आहे. म्हणून आपण आल्प ग्र्यूम या स्थानकापर्यंत, किंवा फार तर त्याच्या पुढच्या ओस्पित्सियो बर्निना या स्थानकापर्यंत जावे आणि तिथून परत फिरावे. तिरानोहून तिथवर सुमारे दीड तास लागतो. असे केल्याने प्रवासाचे निदान दोन तास वाचतात आणि घाटाचा सर्वांत देखणा भाग जाता-येता दोनदा पाहायला मिळतो. तिकीटही तेवढ्याच अंतराचे काढायचे असल्यामुळे स्वस्त पडते.

या घाटाचे वैशिष्ट्य आपल्या बोरघाटाशी ताडून पाहिले तर चटकन लक्षात येते. बोरघाटात जास्तीत जास्त चढ ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठी आपल्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. माथेरानच्या छोट्या गाडीला २० ला १ चढावे लागते. बर्निना मार्गावरचा चढ काही ठिकाणी हजार मीटरला सत्तर मीटर, म्हणजे सुमारे १४ ला १ इतका आहे, आणि तरीही मधे दातेरी रूळ कुठेही नाही. साध्या रुळांवर साधी चाके केवळ घर्षणाच्या जोरावर ४२९ मीटर उंचीवरील तिरानोहून २,२५३ मीटरवरील ओस्पित्सियो बर्निनापर्यंत चढतात. हा मार्ग १९१० साली पूर्ण झाला आणि पहिल्या दिवसापासून विजेवर चालला. अल्बुला आणि बर्निना हे दोन्ही मार्ग मिळून २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

तिरानो सोडल्यावर गाडी थोडा वेळ चक्क गावातल्या रस्त्यावरून, मोटारींच्या शेजारून, मादोन्ना दी तिरानो या मोठ्या चर्चसमोरून जाते. सरहद्द ओलांडल्यावर काही मिनिटांतच ब्रूझियोचा तो दुसरा पूल येतो. दरी अरुंद आणि चढ फार, म्हणून अभियंत्यांनी मोकळ्या कुरणावर नऊ कमानींचा गोल पूल बांधला. गाडी स्वतःच्याच वाटेखालून जाऊन, पूर्ण वेढा घेऊन वरच्या पातळीला येते. वळण इतके आवळलेले आहे की मागच्या डब्यातल्या माणसाला आपल्याच गाडीचे इंजिन शेजारून जाताना दिसते. त्यामुळे या टप्प्यात शेवटच्या डब्यात बसावे. पुढे उजव्या हाताला पोस्कियावोचे तळे लागते आणि पोस्कियावो गावानंतर खरी चढण सुरू होते. या गावापासून आल्प ग्र्यूमपर्यंत गाडी एक हजार मीटरांहून अधिक उंची गाठते. झाडीतून वळणावर वळण घेताना तेच गाव आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे आणि दर वेळी आणखी लहान दिसत राहते. वाटेत कावालिया नावाचे स्थानक आहे. तिथे हिमनदीखालून वाहणाऱ्या पाण्याने खडकात कोरलेले प्रचंड रांजणखळगे आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे पाहिलेल्यांना ते ओळखीचे वाटतील. फरक इतकाच की कुकडीत हे काम उघड्या पात्रातल्या पाण्याने आणि गोट्यांनी केले, तर इथे ते बर्फाच्या थराखाली चालले. मेअखेरीस तिथली पायवाट कितपत मोकळी असेल ते बर्फावर अवलंबून आहे आणि सासूबाईंना घेऊन तिथे उतरण्याचे कारण नाही.

आल्प ग्र्यूमला मात्र अवश्य उतरावे. २,०९१ मीटर उंचीवरील या स्थानकापर्यंत मोटारीचा रस्ता नाही. तिथे गाडीने किंवा पायीच जाता येते. दगडी इमारतीतच उपाहारगृह आहे, समोर पालू हिमनदी लोंबलेली दिसते आणि खाली आत्ताच सोडून आलेली दरी. फलाटावरून चार पावले टाकली की सगळे समोर आहे, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. ओस्पित्सियो बर्निना पुढच्या दहाएक मिनिटांवर असून तिथले लागो ब्यांको हे तळे मेअखेरीस बहुधा पूर्ण किंवा अर्धे गोठलेले असते. तळ्याच्या उत्तर टोकाशी युरोपचा एक मोठा जलविभाजक आहे. या तळ्याचे पाणी पो नदीतून एड्रियाटिक समुद्राला मिळते, तर तिथून काही पावलांवर असलेल्या लेय नायर या छोट्या तळ्याचे पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांतून काळ्या समुद्राला. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पूर्वेचे आणि पश्चिमेचे पाणी वेगळे होते, तसाच हा प्रकार. पण तो गाडीच्या खिडकीतून इतका स्पष्ट दिसावा, असे क्वचितच घडते.

बसण्याच्या बाजूविषयी बरेच वाद ऐकू येतात. मिलानहून तिरानोला जाताना डावी बाजू धरावी, कारण लेक्कोच्या पुढे वारेन्ना, कोलिकोपर्यंत कोमो सरोवर डाव्या हाताला असते. तिरानोहून वर चढताना पोस्कियावोच्या तळ्यासाठी उजवी बाजू आणि वरच्या टप्प्यातील हिमनदी व लागो ब्यांको यांसाठी डावी बाजू चांगली. एकच बाजू निवडायची असेल तर डावी निवडावी. साध्या गाडीत जागा मोकळ्या असतील तर मधेच उठून बाजू बदलताही येते आणि तिथे कोणी रुमाल टाकून जागा अडवत नाही.

तिरानोमध्ये इटलीचे आणि स्विस रेल्वेचे अशी दोन वेगळी स्थानके आहेत, पण ती शेजारी शेजारी असून एकाकडून दुसऱ्याकडे चालत जायला दोन-तीन मिनिटे पुरतात. स्विस तिकीट तिथल्या खिडकीवर काढावे. इटलीच्या प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट काढले असेल, तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा. हे न केल्यास तिकीट जवळ असूनही दंड होतो आणि पाहुणा म्हणून सूट मिळत नाही. गाडीत चढताना चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेला दरवाजा शोधावा, कारण तिथे पायऱ्या नसतात किंवा कमी असतात.

व्हिसाची काळजी नसावी. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे इटलीने दिलेल्या एक-प्रवेशाच्या व्हिसावर तिथे जाऊन परत येता येते, कारण आपण शेंगेनच्या बाहेर पडतच नाही. पारपत्रे मात्र मूळ प्रतींसह चौघांनीही जवळ ठेवावीत. मुलीने तिचे इटलीतील निवासपत्रही घ्यावे. सरहद्दीवर तपासणी होऊ शकते आणि मोबाइलमधील छायाचित्र पारपत्राच्या जागी चालत नाही. मोबाइलचीच आणखी एक गोष्ट : इटलीचे सिमकार्ड युरोपीय संघात जादा आकार न घेता चालते, स्वित्झर्लंडमध्ये तसे चालेलच असे नाही. सरहद्द येण्यापूर्वी रोमिंग बंद करावे, नाहीतर वाचवलेले आरक्षण शुल्क मोबाइल कंपनीला द्यावे लागेल.

सासूबाईंच्या रक्तदाबासंबंधी डॉक्टरांना विचारावे हे उघड आहे. परंतु उंचीची कल्पना यावी म्हणून सांगतो की या प्रवासातील सर्वोच्च बिंदू सिमल्याच्या उंचीच्या आसपासचा आहे. ज्या युंगफ्राउयोखला आपल्याकडील बहुतेक सहली ज्येष्ठांना नेतात, ते ३,४५४ मीटरवर आहे. त्या मानाने हा प्रवास सौम्य आहे. थंडी मात्र असेल; मिलानमध्ये उकडत असले तरी स्वेटर, कानटोपी आणि बंद बूट हवेतच.

जेवणासाठी तिरानोच्या परिसरातला पित्सोकेरी हा पदार्थ आपल्याला चालण्याजोगा आहे. कुट्टूच्या पिठात थोडा गहू मिसळून केलेल्या जाड पट्ट्या, त्यात बटाटा, कोबी आणि चीज, वरून लसणाची फोडणी दिलेले लोणी. उपवासाच्या कुट्टूचे हे रूप पाहून सासूबाईंना मौज वाटेल. चीजमध्ये प्राणिजन्य विरजण असू शकते. ते ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावे. त्याच भागात ब्रेझाओला या नावाने जे पातळ काप मिळतात ते गोमांसाचे असतात, एवढे नाव ध्यानात ठेवावे. मुलीच्या घरून पोळी-भाजीचा डबा नेल्यास गाडीत खायला कोणाचीही हरकत नसते.

शेवटी एक सावधगिरी. इटलीत रेल्वेचे संप वरचेवर होतात आणि त्यांची तारीख आधी जाहीर होते. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत काही प्रादेशिक गाड्या चालवण्याचे बंधन असते. पण दिवसभराची सहल त्या भरवशावर आखू नये. शिवाय लेक्को-तिरानो मार्गावर दुरुस्तीसाठी अधूनमधून गाड्या बंद ठेवून बस सोडल्या जातात. मेगाब्लॉक ही केवळ मध्य रेल्वेची मक्तेदारी नाही. म्हणून साध्या गाडीचा आणखी एक फायदा घ्यावा : आठवड्यातला दिवस आधीपासून पक्का न करता, आकाश निरभ्र असलेला आणि संप नसलेला दिवस आदल्या संध्याकाळी निवडावा. आरक्षण केलेल्या प्रवाशाला ढगातून जावे लागले तरी जावेच लागते. आणि घरी परतण्याची घाई नसेल, तर तिरानोत किंवा पोस्कियावोत एक रात्र मुक्काम करावा. मग सेंट मॉरिट्झपर्यंतचा पूर्ण मार्गही सुखाने होईल.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत. सप्टेंबरमध्ये झुरिकला नातेवाइकांकडे राहणार असून आमच्याकडे आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास असेल. ग्लेशियर एक्सप्रेस आयुष्यात एकदा करावीच, असे सगळे सांगतात. बर्निना आणि ग्लेशियर यांपैकी एकच करायची झाल्यास कोणती?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या परिस्थितीत बर्निना, आणि तीही साध्या गाडीने. ग्लेशियर एक्सप्रेस झेर्माट ते सेंट मॉरिट्झ असा सुमारे आठ तासांचा प्रवास करते. वाटेत २९१ पूल, ९१ बोगदे आणि २,०३३ मीटर उंचीची ओबरआल्प खिंड आहे. गाडी उत्तम आहे, जागेवर जेवण मिळते, आणि जे झेर्माट सोडून सेंट मॉरिट्झला मुक्काम हलवणारच आहेत, त्यांच्यासाठी ती योग्य आहे. झुरिकहून निघून झुरिकलाच परतणाऱ्याला मात्र आधी झेर्माटला पोहोचण्यात आणि शेवटी सेंट मॉरिट्झहून परतण्यात आणखी सहा-सात तास घालवावे लागतात. ही जोडसहल होत नाही, शिक्षा होते.

नावाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. १९३० साली ही गाडी सुरू झाली तेव्हा ती फुर्का खिंडीवरून जात असे आणि ऱ्होन हिमनदी खिडकीतून दिसे. १९८२ मध्ये फुर्काचा पंधरा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाल्यापासून गाडी डोंगराखालून जाते. बाराही महिने वाहतूक चालू राहते, पण ज्या हिमनदीवरून नाव पडले ती दिसत नाही. हिमनदी जवळून पाहायची असेल तर बर्निना मार्गावर मोर्तेराच आणि पालू या दोन आहेत.

आपण झुरिकहून कूरला यावे. त्याला सव्वा तास लागतो. तिथून साध्या गाडीने दोन तासांत सेंट मॉरिट्झ गाठावे आणि लांडवासरचा पूल याच टप्प्यात पाहावा. सेंट मॉरिट्झला एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी तिरानोपर्यंत जावे. स्विस ट्रॅव्हल पास इटलीच्या हद्दीतील तिरानो स्थानकापर्यंत चालतो, त्यामुळे साध्या गाडीने हा सगळा प्रवास जादा खर्चाविना होतो. ग्लेशियर एक्सप्रेसच्या मार्गाचा जो तुकडा मला सर्वांत चांगला वाटतो, तो म्हणजे ऱ्हाइन नदीची पांढऱ्या कड्यांची घळ. ती कूर ते इलांट्स या दरम्यान आहे आणि कूरहून डिझेंटिसकडे जाणारी साधी गाडी तिच्या तळातून, नदीला खेटून जाते. परतताना अर्धा दिवस काढला तर तीही पासवरच पाहून होईल. इतके करूनही कोणी "ग्लेशियर केली नाहीत?" असे विचारले, तर विचारू द्यावे.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही म्युनिकला राहतो. नाताळच्या सुट्टीत आठ आणि पाच वर्षांच्या मुलांना घेऊन बर्फातून जाणारी गाडी दाखवायची आहे. हिवाळ्यात मोठ्या काचांचा पॅनोरमा डबा घ्यावा का? आमचे जर्मनीचे मासिक रेल्वे तिकीट तिथे चालेल का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : आपले मासिक तिकीट स्वित्झर्लंडमध्ये चालणार नाही, हे आधी सांगतो. म्युनिकहून झुरिककडे जाणाऱ्या गाडीने सरहद्दीवरील सेंट मार्ग्रेथेनला उतरून कूरची गाडी धरणे सोयीचे आहे. आपण स्वित्झर्लंडचे रहिवासी नसल्यामुळे तिथला ट्रॅव्हल पास घेऊ शकता. सहा ते पंधरा वयाची मुले पालकाकडे पास असल्यास फॅमिली कार्डावर मोफत प्रवास करतात. त्याहून लहान मुलांना तसेही तिकीट नसते. कार्ड मोफत असले तरी ते पासबरोबर मागून घ्यावे लागते.

मुलांसाठी पॅनोरमा डबा घेऊ नये. पाच वर्षांचे मूल चार तास काचेबाहेर पाहत बसेल, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. आपण अल्बुला मार्गावरच्या बेरग्यून गावी मुक्काम करावा. बेरग्यून आणि वरचे प्रेडा ही स्थानके सरळ रेषेत सुमारे पाच किलोमीटरवर आहेत, पण उंचीतला फरक चारशे मीटरांहून अधिक असल्यामुळे रूळ गोल बोगद्यांतून आणि पुलांवरून फिरत सुमारे बारा किलोमीटर लांब झाले आहेत. मुलांना एकच चर्च खिडकीतून वेगवेगळ्या बाजूंनी किती वेळा दिसते, ते मोजायला सांगावे. हिवाळ्यात या दोन गावांमधला रस्ता वाहनांसाठी बंद करून त्यावर सहा किलोमीटरची घसरगाडीची वाट तयार करतात. बेरग्यूनला घसरगाडी भाड्याने घ्यायची, गाडीने प्रेडाला चढायचे आणि रस्त्याने घसरत परत यायचे, असा तिथला दिनक्रम आहे. पॅनोरमा गाडीच्या प्रवाशाला हे सगळे फक्त काचेतून दिसते.

बर्निनाचा घाट दुसऱ्या दिवशी करावा. डिसेंबरअखेर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खोल दऱ्यांत तर दुपारीच सावली पडते, म्हणून सेंट मॉरिट्झहून सकाळची गाडी धरून माध्यान्हीपर्यंत आल्प ग्र्यूमला पोहोचावे. निघताना उजव्या बाजूला बसावे. खिडकी उघडायची असेल तर शेजाऱ्यांना विचारावे आणि छायाचित्र झाले की लगेच लावावी. उणे दहा अंशांच्या वाऱ्यात इतरांनी आपल्या हौसेसाठी का कुडकुडावे? घसरगाडीची वाट नाताळापर्यंत तयार असेल की नाही, हे त्या वर्षीच्या बर्फावर ठरते. त्यामुळे बेरग्यूनचे निवासस्थान रद्द करता येईल अशा अटीवरच राखून ठेवावे, आणि वाट सुरू झालेली नसेल तर त्याच गावातल्या रेल्वे संग्रहालयात मुलांचा अर्धा दिवस चांगला जातो.